ब्रूडरसाठी (बीज काढायला सांभाळलेल्या नर-मादी माशांसाठी) म्हणून विकलेल्या हर्बल सप्लिमेंटमध्ये पपईच्या बिया, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, पुणे ऑफिस

नमस्कार साहेब,

आमची इंदापूर तालुक्यात शेततळी आहेत आणि सोबत रोहू कटल्याची छोटी हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज काढायची जागा. तुमचं ते हर्बल फीड सप्लिमेंट, डब्यावर मोठ्या अक्षरात "वाढ आणि प्रजनन दोन्हीसाठी" लिहिलेलं, ते तुमच्या माणसाने ब्रूडरला उन्हाळ्यापासून चालू करा, पावसाळ्यात रिझल्ट बघा असं सांगून दिलं. दिलं आम्ही, तुमच्या मापाने, रोज.

आता सीझनला काय झालं ते सांगतो. नराचं पोट हलकं दाबलं की दुधासारखं घट्ट मिल्ट (नराचं वीर्य) यायला पाहिजे, ते पाण्यासारखं पातळ आणि थेंबभर. माद्यांना हार्मोनचं इंजेक्शन देऊन अंडी घेतली तर बशीत बघता बघता बहुतेक पांढरी पडली, म्हणजे फळलीच नाहीत, फळलेलं अंडं पारदर्शक राहतं हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या टाकीतले ब्रूडर, ज्यांना नुसती शेंगदाणा पेंड आणि कोंडा होता, त्यांचं बीज व्यवस्थित निघालं. पाणी तेच, इंजेक्शन तेच, माणसं तीच.

मग डब्याच्या मागचं बारीक अक्षर मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचलं. लसूण, हळद, मेथी, शतावरी आणि पपई बीज चूर्ण. साहेब पपईच्या बिया ब्रूडरला? चिलापी (तिलापिया) माशावर या बियांचे प्रयोग बऱ्याच जणांनी केलेत आणि त्यात नराचं वृषण, मादीचं अंडाशय दोन्ही बिघडतात असं दिसलंय, आणि चिलापीवाल्याला तेच हवं असतं कारण ती काही महिन्यांतच अंडी द्यायला लागते, तळं पिल्लांनी भरतं आणि मासा हातभर व्हायचा तो बोटभरच राहतो. तिथे हे औषध ठीक. पण तोच डबा हॅचरीवाल्याला प्रजनन वाढेल म्हणून विकायचा हे कुठलं शास्त्र? रोहूवर नक्की किती परिणाम होतो ते तुम्हीच तपासून सांगायचं होतं, विकायच्या आधी.

मी वनस्पतींच्या विरोधात अजिबात नाही. अँटिबायोटिक टाकून वाढवलेला मासा आम्हाला विकायचा नाही म्हणूनच तर हे घेतलं. लसणाने भूक आणि पचन सुधारतं, वाढीच्या तळ्यात आम्ही घरी वाटून देतो आणि फरक दिसतो. पण तुमच्या डब्यावर कशाचं किती टक्के ते नाही, कुठल्या माशाला, कुठल्या वयात ते नाही, वर "कोंड्यासोबत शिजवून द्या" अशी सूचना, अहो लसूण शिजवला की त्यातलं अ‍ॅलिसिन, म्हणजे गुण देणारा मुख्य घटक, तयार होत नाही की टिकत नाही, मग पैसे कशाचे घेता?

ब्रूडर म्हणजे दोनतीन वर्षं सांभाळलेला मासा असतो, साहेब. रोहू, कटला तळ्यात आपोआप अंडी देत नाहीत, १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरींनी इंजेक्शनने अंडी घ्यायचं जमवलं म्हणून आज आमच्यासारखा माणूस गावात बीज काढतो, आणि सीझन एकदाच येतो. ज्यांनी आमच्याकडे बोटुकलीसाठी (बोटभर वाढलेल्या पिल्लांसाठी) अ‍ॅडव्हान्स दिला होता त्यांना परत करावा लागला.

मला डब्यांचे पूर्ण पैसे परत हवेत, या बॅचचा लॅब रिपोर्ट लेखी हवा आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण हवं. ब्रूडरसाठी हा डबा विकणं लगेच थांबवा आणि ज्या हॅचरीवाल्यांना आधीच दिलाय त्यांना फोन करून बंद करायला सांगा, हे सगळ्यात आधी करा, कारण त्यांचे ब्रूडर अजून तेच खात असतील. बिल, डब्याचे फोटो आणि अंड्यांचे व्हिडिओ सोबत जोडलेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगात तक्रार करणार आहे.

आपला,
एक मत्स्यपालक
ता. इंदापूर, जि. पुणे