पद्मिनीचं ब्रेक ऑइल

परभणी,
रविवार, दुपार

प्रिय बापू,

तुझं पत्र मिळालं. बाकी सगळं नंतर, आधी त्यातल्या एका वाक्याबद्दल बोलतो. तू लिहिलंस, "पद्मिनीचं ब्रेक ऑइल जरा कमी होतंय, महिन्या-दोन महिन्याला थोडं टाकतो, चालायलीय गाडी." बापू, ब्रेकचं तेल पेट्रोलसारखं जळून संपत नसतं. चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे लायनर झिजले की पातळी किंचित उतरते, तीही सावकाश. सारखं टाकावं लागतंय म्हणजे ते कुठूनतरी गळतंय. त्यात तुझी गाडी माझ्यासारखीच 1982ची, चारही चाकांना मिळून एकच लाइन. नव्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइनी असतात, एक गेली तरी दुसरी थोडाफार ब्रेक देते. आपल्याकडे एका चाकातलं बोटभर रबर गेलं की चारही चाकांचा ब्रेक गेला.

हे एवढ्या अधिकारानं लिहितोय, कारण यंदाच्या पावसाळ्यात मी यातूनच गेलोय. महालक्ष्म्यांना आईला घेऊन अंबाजोगाईला जायचं होतं. गंगाखेड, परळी आणि पुढं बालाघाटचा चढ. चढाचं काही नाही, पण परतीचा उतार डोक्यात होता, म्हणून आदल्या आठवड्यात बॉनेट उघडलं, तर तेलाची डबी अर्धी. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "भरा आन् जावा बिनधास्त." मी गाडी जागेवरच ठेवली आणि चाचांना लुनावर बसवून घरी घेऊन आलो. तुला आठवत असतील, स्टेशनाजवळ फियाट-अँबेसिडरचं काम करायचे ते. आता दुकान पोराकडं आहे, पण जुनी गाडी म्हटलं की स्वतः उठतात.

चाचांनी पान्याला हातच लावला नाही. "पैले सब सुखाव, फिर देखेंगे तेल काँ से आरा." सगळे जोड, पाइप, चाकांच्या आतल्या बाजू फडक्यानं कोरड्या केल्या आणि मला पेडल जोरात दाबून धरायला लावलं. मग टॉर्च घेऊन फिरले. पेडलजवळच्या मॅटखाली कोरडं. तिथं ओल असती तर मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबलं की तेल पाइपांत ढकलतो त्याच्यावर, संशय गेला असता. लोखंडी पाइपांवरून बोट फिरवलं, काही नाही. रबरी होज तीन, पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या अॅक्सलला मिळून एक, तेही ठीक. मागच्या डाव्या चाकाच्या आतून मात्र टायरवर एक ओघळ आलेला.

मी म्हणालो, सापडलं. चाचा म्हणाले, थांबा. मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं गियर ऑइलही सील गेल्यावर अॅक्सलवाटे ड्रममध्ये उतरतं, आणि दोन्ही बाहेरून सारखेच काळे दिसतात. त्यांनी आईकडून स्टीलची वाटी मागून घेतली, त्यात पाणी घेतलं आणि ओघळातलं थेंबभर तेल बोटानं सोडलं. ते पाण्यात विरघळून गेलं. गियर ऑइल असतं तर वर तवंग धरला असता. आईनं ती वाटी परत स्वयंपाकघरात घेतली नाही हे वेगळं! पण बापू, इतकी स्वस्त आणि इतकी पक्की परीक्षा मी दुसरी पाहिली नाही.

ड्रम काढताना झटापट झाली. अॅडजस्टर सैल केल्याशिवाय तो हलेना. आत लायनर तेलात भिजलेले, आणि लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरवरची रबरी टोपी उचलताच तेल बदकन बाहेर आलं. पिस्टन जिथं टेकून राहतो तिथंच सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे. यात गाडीचा दोष नाही. आईच्या आजारपणात ती वर्षभर शेडात उभी होती. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी चालत नसली की त्या पाण्यानं एकाच जागी गंज धरतो, आणि पुन्हा चालवायला काढली की रबराची कड त्या खड्ड्यांवर घासून फाटते. तुझीही गाडी तीन पावसाळे कव्हरखालीच होती ना?

नुसता डाग असता तर बारीक पॉलिशपेपरनं निघाला असता. खड्डा निघत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो. आम्ही मागचे दोन्ही बदलले, लायनरही दोन्ही बाजूंचे. भिजलेला लायनर पेट्रोलनं धुऊन जाळावर भाजून देणारे पुष्कळ भेटतात. दिसायला कोरडा होतो, पण ड्रम तापला की आतलं तेल वर येतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. सिलिंडरच्या रबरांना पेट्रोल, डिझेल, रॉकेल अजिबात लागू देऊ नकोस, फुगतात. नवं ब्रेक ऑइलच लावून बसवायचं. आणि ते रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओत, नाहीतर रंग उचलून आणतं.

लाइन उघडली की आत हवा शिरते, ती काढायला पेडलवर भाचा. सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. "दाब... धर... आता सोड," असं चाललेलं. चाकामागचं हवा सोडायचं निपल बंद होईपर्यंत पाय उचलायचा नाही, एवढं एकच पथ्य. पण त्याआधी चाचांनी पेडलखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. रोजच्या वापरात पेडल तळापर्यंत जात नाही, त्यामुळं मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं न घासलेला, गंज धरलेला असतो. हवा काढताना पेडल पार खाली दाबलं की जुनी रबरं तिथपर्यंत जाऊन फाटतात. म्हणजे चाक दुरुस्त आणि मास्टर नादुरुस्त. पुष्कळ गाड्या अशाच गॅरेजातून नवं दुखणं घेऊन निघतात.

शेवटी पेडल दाबून बराच वेळ तसंच धरायचं. टणक राहिलं तर ठीक. हळूहळू खाली जायला लागलं आणि बाहेर कुठंच थेंब नसेल, तर मास्टरच्या आत तेल रबराला चुकवून मागं फिरतंय. तेव्हा डबीतली पातळीही उतरत नाही, म्हणून हे दुखणं लवकर लक्षात येत नाही.

तेल सीलबंद डब्यातलंच घे. अर्धा वापरून कपाटात ठेवलेलं नको. डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच हद्द 155 वर येते. घाटात तेल उकळून वाफ झाली की पाय नुसता हवेवर पडतो. डॉट 5 मात्र टाकू नकोस, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या तेलात मिसळत नाही.

आम्ही अंबाजोगाईला जाऊन आलो. उतारावर आई निवांत झोपली होती.

तेव्हा हे पत्र वाचल्यावर गाडी काढू नकोस, मेकॅनिकला घरी बोलाव. आणि दिवाळीला येशील तेव्हा नाना पेठेतून माझ्यासाठी हँडब्रेकची केबल घेऊन ये, इथं मिळेना. माझी तार तुटायला आलीय, आणि तेल दगा देईल तेव्हा हाताशी तेवढीच असते. पैसे आल्यावर देतो.

तुझा,
अण्णा