आधी सुई, मग सुरी

महोदय,

परवा एक आजी आल्या. पाठीवर लिंबाएवढी गाठ, सहा वर्षांची जुनी. डॉक्टरांनी सुईची तपासणी लिहून दिली होती. ती चिठ्ठी चार महिने पिशवीतच. शेजारणीने सांगितलं होतं, ‘गाठीला सुई लावली की ती भडकते.’ तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना हे वाक्य सारखं कानावर येतं, आणि दर वेळी जीव तुटतो.

सुई टोचल्याने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. गाठीत कॅन्सर असेलच, तर तो आधीपासून असतो. तपासणीनंतर कळतो, म्हणून बोल सुईला लागतो.

या तपासणीत बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून बघतात; तिला एफएनएसी म्हणतात. सुई २२ ते २५ गेजची, रक्त काढायच्या सुईपेक्षा जाड नाही. भूल बहुधा लागत नाही. आजींच्या गाठीतलं काचेवर पसरलं, तर तूप लागलेलं बोट पुसावं तसं चकचकीत, वाळता वाळेना. मायक्रोस्कोपखाली मोठ्या, फिकट चरबीच्या पेशी. लायपोमा, चरबीची साधी गाठ. मनगटावरच्या गँगलियनमधून, म्हणजे सांध्याजवळच्या द्रवाच्या गाठीतून, जेलीसारखा घट्ट द्रव येतो. नसेच्या आवरणाची गाठ असेल, तर सुई शिरताच हातात चमक जाऊ शकते. तेव्हा मी थांबते आणि सर्जनना आधीच कळवते, कारण ती गाठ नस जपून काढावी लागते.

सुईला सगळंच कळतं असं मात्र नाही. मांडीत खोलवर असलेली, ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा वाढत चाललेली गाठ असेल, तर माझ्या ‘लायपोमा’ या रिपोर्टवरही विसंबू नका. चरबीचा एक संथ वाढणारा कॅन्सर सुईत अगदी लायपोमासारखाच दिसू शकतो. तिथे एमआरआय आणि जाड सुईची बायोप्सी हवी.

सगळ्यात वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ‘चरबीच आहे’ म्हणत काही ठिकाणी गाठ न तपासता कापतात आणि बादलीत टाकतात. तीच गाठ पुन्हा वाढून पेशंट माझ्याकडे येतो, तेव्हा पहिल्या गाठीत काय होतं ते सांगायला हातात काहीच नसतं. काढलेली गाठ फॉर्मलिनच्या (गाठ टिकवणाऱ्या द्रावणाच्या) डबीत घालून तपासणीला पाठवा, असं नातेवाइकांनी हक्काने सांगावं.

आजींची गाठ दुखत नाही, वाढतही नाही. काढायची घाई नाही म्हटल्यावर त्यांनी ती चिठ्ठी पुन्हा घडी करून पिशवीत ठेवली, शेजारणीला दाखवायला.

– एक पॅथॉलॉजिस्ट, जि. सांगली