ब्रेक लावता येतो, सोडता येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृगाच्या सरी पडल्या की चोर्ला घाटात, खानापूर रस्त्यावर किंवा निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या उतारावर दुचाकी घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात. उसाचा हंगाम सुरू झाला की चिकोडी-निपाणी भागातून पुन्हा तशाच येतात. 'भरधाव वेगामुळे ताबा सुटला' हे वाक्य त्यात ठरलेले. वेगाचा दोष असतोच, पण ताबा सुटतो नेमका कुठे, याकडे कोणी पाहत नाही. आमच्या मते तो वळणाच्या तोंडाशी सुटतो. घाबरून दाबलेला पुढचा ब्रेक तिथे एकदम सोडला जातो, नाहीतर गाडी कललेली असताना एकदम दाबला जातो. हे दोन्ही दोष मोकळ्या डांबरी आवारात, ताशी 30 किलोमीटरच्या आत सराव करून घालवता येतात. त्यासाठीच हे पत्र.

जपानमध्ये मोटरसायकल जिमखाना नावाचा खेळ रुजला आहे. सपाट डांबरी मैदानावर कोन (रस्त्याच्या कामावर ठेवतात तसे प्लास्टिकचे शंकू) मांडायचे, मार्ग पाठ करायचा आणि एकेकट्याने घड्याळ लावून तो पुरा करायचा. पाय टेकला किंवा कोनाला धक्का लागला की वेळेत दंड. बहुतेक खेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच होतो, त्यामुळे गाडी किती पळते याला फारसे महत्त्व नाही. ब्रेक, वळण आणि बाहेर पडणे यांत कोण कमी वेळ घालवतो यावर निकाल लागतो. रिंग रोडवर एका चाकावर गाडी उडवणाऱ्या पोरांशी याचा काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. लायसन्सच्या चाचणीत आपल्याकडे पाय न टेकता इंग्रजी 8 काढून घेतात. त्याने तोल कळतो. पण तो 8 सुरुवातीपासूनच संथ असतो. वेगात येऊन, ब्रेक लावून वळणात शिरण्याचा प्रसंग त्यात येतच नाही.

सुरुवात सरळ रेषेत करावी. कोरड्या, स्वच्छ डांबरावर ताशी 30 च्या वेगाने येऊन फक्त मागचा ब्रेक दाबला तर गाडी थांबायला साधारण 11-12 मीटर घेते. दोन्ही ब्रेक नीट लावले तर 6 मीटर पुरतात. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाला पकड कुठून येणार? पुढचा ब्रेक मारला की माणूस डोक्यावरून फेकला जातो, ही आपल्याकडची जुनी समजूत. तो फेकला जातो झटक्याने मारल्यामुळे. लिव्हरचा ढिलेपणा आधी बोटांनी काढावा, पुढचे शॉकअप बसू (दबू) लागल्याचे हाताला जाणवू द्यावे आणि मग दाब वाढवावा. ही पहिली दोन पावले मिळून अर्धा सेकंदही लागत नाही, पण तेवढ्यात टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मग तो जास्त ब्रेक सोसतो. शॉकअपच्या उघड्या नळीवर बारीक केबल टाय बांधून पाहा. तितक्याच अंतरात थांबूनही झटका देणाऱ्याचा टाय अधिक वर सरकलेला दिसेल.

आता ब्रेक सोडण्याविषयी. ही गोष्ट शिकवताना फार कमी जण दिसतात. शॉकअप बसलेले असते तेव्हा हँडलचा तिरकेपणा किंचित कमी होतो आणि पुढचे चाक चटकन वळते. त्याच क्षणी लिव्हर सोडून दिली की शॉकअप उसळून वर येते, पुढचे चाक हलके पडते आणि गाडी वळणाच्या बाहेर धावते. चालक घाबरतो, पुन्हा ब्रेक पकडतो, पण आता गाडी कललेली असते. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी आहे, एकीकडे खर्च केली की दुसरीकडे कमी पडते. मात्र हा हिशेब सरळ वजाबाकीचा नाही. निम्मी पकड ब्रेकला दिली तरी वळायला जवळजवळ 87 टक्के उरते. 90 टक्के ब्रेकला दिली तर उरते जेमतेम 44 टक्के. म्हणून वळणात शिरताना हलका ब्रेक चालतो, जोराचा चालत नाही, आणि गाडी जसजशी कलेल तसतशी बोटे सैल होत गेली पाहिजेत.

याचा सराव असा. कोनांच्या दोन जोड्या एकामागे एक, 10 मीटर अंतरावर मांडाव्यात. पहिल्या जोडीत ताशी 30 ने शिरायचे आणि दुसऱ्या जोडीतून 10 ने बाहेर पडायचे, थांबायचे नाही. ब्रेक सोडताना तोंडाने 'एक, दोन, तीन' म्हणावे आणि तीनला लिव्हर पूर्ण सुटावी. शॉकअप उसळले तर सोडणे चुकले. जमू लागले की अंतर 8 मीटर करावे, मग 6. सहा मीटरला हात आखडणार, अंगठा आणि मनगट ताठ होणार. तो ताठपणा घालवायचा उपाय मांड्यांत आहे. टाकी गुडघ्यांनी आवळली की अंगाचा पुढे येणारा भार मांड्या घेतात. तळहातावर भार आला की हँडलही अडकते आणि बोटांनाही ब्रेकचा अंदाज राहत नाही.

यानंतरच कोनाभोवती 180 अंशांचे वळण घ्यावे. कोनाला घासून शिरू नये. बाजूला अडीच-तीन मीटर अंतर ठेवून यावे आणि कोनाच्या अगदी जवळ जाण्याची जागा कोन ओलांडल्यानंतर यावी. आधीच आत वळलेला चालक बाहेर पडताना पसरतो, हा हमखास दिसणारा दोष. घाटात नेमका तोच समोरच्या टेम्पोच्या वाटेत जातो. पुढचा ब्रेक सुटत असताना मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब ठेवावा आणि क्लच अर्ध्यावर किंवा पूर्ण सोडलेला असावा. अ‍ॅक्सिलेटर अगदी थोडा पण एकसारखा द्यावा. वेग मागच्या ब्रेकने सांभाळायचा, अ‍ॅक्सिलेटर बंद-चालू करून नव्हे. बाहेरची दिशा दिसली की मागचा ब्रेक सोडत रेस वाढवावी. गाडी आपसूक कल सोडून सरळ होते.

नजरेवर लोकांचा विश्वास बसत नाही. गाडी वळण्याआधी मान वळली पाहिजे, हनुवटी जवळजवळ खांद्यावर यावी. कोन पाहत राहिलात तर कोनावरच जाल. अगदी संथ, हँडल पूर्ण वळवलेल्या फेरीत गाडीला आत कलवून अंग सरळ ठेवावे, बाहेरच्या फूटरेस्टवर वजन द्यावे. वेग वाढला की अंग गाडीबरोबर कलावे. टीव्हीवर पाहिलेला गुडघा घासण्याचा प्रकार इथे कामाचा नाही.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. 4 मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी 15 ने गेल्यास सुमारे 24 अंश कलावे लागते, ताशी 20 ने गेल्यास 38. वाढ फक्त 5 किलोमीटरची, पण साध्या गाडीचा फूटरेस्ट त्या कलाला घासू लागतो. म्हणून वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला तर कलून भागत नाही, तो आधीच कमी व्हायला हवा होता.

वळणात गाडी आतल्या बाजूला पडण्याची कारणे बहुधा दोनच. एक, मध्येच क्लच पूर्ण ओढणे. मागच्या चाकाचा जोर तुटतो आणि कललेल्या गाडीला धरून ठेवणारे काही उरत नाही. दुसरे, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक. चाक आणखी आत खेचले जाते, गाडी जागीच थांबते आणि तुम्ही तिच्याखाली. संथ वळणात पुढच्या लिव्हरवरची बोटे उचलूनच घ्यावीत.

गाडी कोणती आहे यावरही फरक पडतो आणि तो दुकानदार सहसा सांगत नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि त्यावरच्यांना एबीएसच सक्तीचे झाले. सीबीएसच्या मोटरसायकलवर मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. स्कूटरवर हेच डाव्या लिव्हरने होते. म्हणजे वर सांगितलेला मागच्या ब्रेकचा दाब अशा गाडीवर आणखी नाजूक हवा. पेडलच्या कोणत्या टप्प्यानंतर पुढचा ब्रेक पकडतो ते आधी सरळ रेषेत ओळखून घ्यावे. एकाच चाकाला एबीएस असलेल्या गाडीत ते पुढच्या चाकाला असते. मागचे चाक अडकून घसरू शकते. आणि साधे एबीएस मुख्यतः सरळ उभ्या गाडीसाठी आहे. वळणात करकचून ब्रेक दाबला तर ते वाचवेलच असे नाही.

सरावाआधी गाडी पाहून घ्यावी. हवा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) पट्टीप्रमाणेच भरावी. 'जास्त भर, अ‍ॅव्हरेज मिळेल' हा सल्ला इथे ऐकू नये. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मधोमध खटकन अडकले तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला आहे, आणि असल्या गाडीवर कोणतेही तंत्र जमणार नाही. चेन मधोमध 20 ते 30 मिलिमीटर हलावी. जास्त ढिली असेल तर रेस देताना झटका बसतो आणि शिकाऊ त्याला स्वतःची चूक समजतो. आयडलिंग (रेस न देता इंजिन चालण्याचा वेग) किंचित वाढवले की संथ वळणात इंजिन बंद पडत नाही. लिव्हरचे क्लॅम्प इतकेच आवळावेत की गाडी पडल्यावर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. जपानी खेळाडू हँडल जास्त वळावे म्हणून त्याचा अडसर घासतात. रोजच्या गाडीवर ते करू नये.

जागा 40 बाय 20 मीटरची पुरते, पण भोवती खांब, कठडा किंवा गटार नको; कडेला किमान 10 मीटर मोकळे हवे. खराट्याने झाडून घ्यावी, बारीक खडीचा एक पट्टाही सराव बिघडवतो. खुणा खडूने कराव्यात. मैदानावर मारतात तशी चुन्याची फक्की टाकू नये, टायर तिच्यावर घसरतो. कोन प्लास्टिकचे हवेत. विटा आणि दगड मुळीच नकोत. बुलेटवाल्यांनी दोन कोनांमधले अंतर मीटरभर वाढवून घ्यावे. आयएसआय चिन्हाचे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि गुडघ्याचे पॅड याशिवाय कोणाला आत सोडू नये. बघ्यांनी वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नये, गाडी सुटते ती तिकडेच.

हे रस्त्यावर कसे उतरते? कणकुंबीहून चोर्ल्याकडे उतरताना तिसरा किंवा दुसरा गिअर आधीच असावा. केवळ ब्रेकवर उतरले की ड्रम तापून पकड सोडतो. ब्रेकचे मुख्य काम गाडी कलण्याआधी, सरळ असताना उरकावे आणि वळणात शिरताना बोटे सैल होत जावीत. उजव्या वळणात चाके मधल्या रेषेपासून मीटरभर डावीकडे हवीत, कारण कललेल्या चालकाचे डोके चाकांच्या कितीतरी उजवीकडे असते. खानापूर भागात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरने तांबडी माती डांबरावर आणलेली असते. कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॉलीतून पडलेला ऊस आणि पाचट असते. त्यावर ब्रेकही नको आणि कलणेही नको; वेग अलीकडेच कमी करून गाडी न कलवता सरळ पार करावी. ताशी 60 ला कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनेही 23-24 मीटर लागतात, ओल्यावर 35 च्या आसपास, आणि हात हलेपर्यंतच्या एका सेकंदात 16-17 मीटर गेलेले असतात ते वेगळेच. पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक हलका दाबून थोडे अंतर चालवावे म्हणजे तो सुकतो.

आमची मागणी लहान आहे. रविवारी सकाळी दोन तास एखादे डांबरी किंवा काँक्रीटचे आवार मिळावे. बाजार समित्यांची आवारे आहेत, उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतींत मोकळ्या जागा आहेत. गाळप संपल्यावर साखर कारखान्यांचे केन यार्डही (उसाच्या गाड्या उभ्या राहण्याची आवारे) रिकामे असतात. जिथे ते पक्के असतील तिथे विचार व्हावा. वाहतूक पोलिसांनी एक माणूस दिला तर स्टंटबाज आपोआप लांब राहतील. प्रथमोपचाराची पेटी, कोन आणि 50 मीटरचा टेप एवढे सामान मोटर ड्रायव्हिंग स्कूलनाही परवडेल. पाऊस आला म्हणून आवार बंद करू नये, कारण आपल्या भागात वर्षातले चार महिने ओल्यावरच गाडी चालवायची असते. फक्त त्या दिवशी वेग ताशी 20 च्या वर नको आणि ब्रेकच्या सरावातले कोनांचे अंतर पुन्हा 10 मीटर करावे.

आपले,
काही दुचाकीस्वार वाचक,
टिळकवाडी, बेळगाव