रात्री पावणेतीनची फेरी आणि अर्धा लुमेन

मुलुंड,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

लाडवांच्या डब्याखाली पुठ्ठ्याचा एक छोटा खोका आहे. तो उघडल्यावर बाबा काय म्हणणार ते मला पाठ आहे. "ही कसली बॅटरी? हे तर किल्लीला लावायचं खेळणं. लोहार चाळीत ढिगाने मिळतात." फोनवर सांगितलं असतं तर "हो हो, बघतो" म्हणून बाबांनी फोन आईकडे दिला असता आणि आईने विषय भाजीवर नेला असता. म्हणून लिहिते आहे. पत्र आईने मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी मध्ये बोलायचं नाही. किंमत कुणीही विचारायची नाही, खोक्यावरचा स्टिकर मी नखाने खरवडून काढला आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे रंगकाम निघालं तेव्हा चार रात्री मी तिकडे लालबागला झोपायला होते. पहिल्याच रात्री पावणेतीनला बाबा उठलात. ट्यूब लावली नाहीत. पायाने चपला चाचपल्यात, आईच्या अंथरुणाला वळसा घातलात, कडी इतकी हळू काढलीत की मला वाटलं चोरच बाहेर निघाला आहे. गॅलरीतला दिवा तर होळीपासून बंद आहे. मी दाराच्या फटीतून बघत होते. उजवा हात भिंतीवर घासत, एकेक दार मोजत तुम्ही टोकाच्या संडासाकडे निघालात. पाचव्या दारापाशी कुणीतरी पाण्याचं पिंप पुढे ओढून ठेवलं होतं. आधी पिंप वाजलं, मग तुमच्या तोंडून एक शब्द आला, तो आईला वाचायला लावत नाही.

मी उठायला गेले तर आईने अंधारात माझा हात धरला. "पड तू. उठलेलं त्यांना आवडत नाही." म्हणजे ती टक्क जागी होती. बाबांची चप्पल परत उंबऱ्याशी वाजेपर्यंत ती जागीच होती, आणि वाजल्याबरोबर कूस बदलून तिने डोळे मिटले. बाबांनी तिची झोप मोडू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत पाठ टेकली. चारही रात्री हेच. हे नाटक तुम्ही दोघं किती वर्षं करताय? असो. आता मोठ्याने वाचून झालं, म्हणजे दोघांनाही कळलं.

मोबाइलला टॉर्च आहे म्हणाल. आहे की. पण तो असतो ओट्यापाशी चार्जिंगला. शिवाय मागच्या दिवाळीत रात्री तीनला बाबांचा फोन आला होता, आठवतंय? माझ्या पोटात गोळा आला, हे उठून शर्ट घालायला लागले, आणि तिकडून बाबा स्वतःशीच म्हणत होते, "टॉर्च कुठे गेला याचा?"

बाबा, तुमच्या मनात बॅटरी म्हटलं की अजून ती ड्यूटीवरची तीन सेलची आहे, हे मला माहीत आहे. बेस्टमध्ये केबलच्या फॉल्टवर रात्रपाळीला जाताना तुम्ही ती काखेत मारून निघायचात. तिच्या मागच्या झाकणात स्प्रिंगच्या आत जादा बल्ब कागदात गुंडाळलेला असायचा आणि तो मला कधी हाताळू द्यायचा नाहीत. सेल उतरले की गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ओळीने मांडायचात. उन्हाने आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते आणि दोन दिवस आणखी निघतात, हे मला शाळेच्या आधी तुमच्याकडून कळलं. बटण दाबलं की समोरच्या चाळीच्या गच्चीवरची टाकी दिसली पाहिजे, ही तुमची कसोटी.

त्या कसोटीबद्दलच भांडायचं आहे. त्या बॅटरीचा एकूण उजेड फार तर पन्नास लुमेन असेल. या बोटभर खेळण्याचा सगळ्यात मोठा उजेड दीडशे आहे. तरी टाकी तुमचीच जास्त स्पष्ट दाखवेल, कारण तिची वाटी मोठी होती आणि उजेड एका रेषेत जायचा. नळाला एकूण पाणी किती आलं ते लुमेन. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर चिळकांडी किती जोरात सुटते तो कँडेलाचा हिशोब. खोक्यावर ९० मीटर लिहिलं आहे, त्यावरही भाळू नका. पल्ला मोजायची पद्धत अशी की जिथे उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवरचं अंतर लिहायचं. नव्वद मीटरवरचा माणूस ओळखू येईल असा त्याचा अर्थ नाही.

पण बाबा, टाकी बघायची आहे कुणाला? पावणेतीनला तुम्हाला बघायची आहे चप्पल, उंबरा आणि ते मेलं पिंप.

आणि तिथे जास्त उजेड उलटा त्रास देतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. झोपेतून उठता तेव्हा ते आयतेच सरावलेले असतात. तेवढ्यात ट्यूब लावली की ती कमाई क्षणात गेली, आणि ट्यूब बंद करून बाहेर पाऊल टाकलं की समोर काळा पडदा. त्यात आता वय. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड आतल्या पडद्यावर पोचतो असं मानतात. म्हणजे उजेड लागतो खरा, पण तो डोळ्यांत न जाता पायाशी पडलेला.

म्हणून ही निवडली. डोक्याजवळ अंगठ्याखाली एकच बटण आहे. बंद असताना ते दाबून धरलं की अर्धा लुमेन उजेड येतो. आई, समईची वात अगदी बारीक केल्यासारखा. तेवढ्यावर चष्मा सापडतो, चपला सापडतात, आणि शेजारी झोपलेल्या माणसाच्या पापणीवर काही पडत नाही. (झोपल्याचं सोंग घेतलेल्याच्याही नाही.) कडी काढून गॅलरीत आलात की पुन्हा दाबून धरायचं, मग मधला उजेड येतो. पिंप त्यात दिसेल. जिन्यावर असलात तर तिसरा. त्या लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खळगे पडले आहेत, तिथे कंजुषी नको. जिन्यातल्या दिव्यासाठी मालकाला किती वेळा सांगून झालं ते तुम्हीच मोजलेलं बरं.

रंगाचंही सांगते, हे आईसाठी. बाजारात स्वस्तात मिळतात त्या निळसर पांढऱ्या उजेडाच्या. एलईडी मुळात निळी असते, तिच्यावर पिवळसर लेप देऊन पांढरा उजेड काढतात. (बाबा, त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्ही तेव्हा रिटायर झाला होतात, नाहीतर डेपोत पेढे वाटले असतेत.) लेप हलका असला की उजेडात लाल रंग अपुरा पडतो. कुंकू तपकिरी दिसतं, आणि तुझी बीपीची गुलाबी गोळी व बाबांची केशरी गोळी सारखीच. हिचा उजेड थोडा पिवळट आहे, रंग खरे दाखवणारा. मी दोन्ही गोळ्या माझ्या तळहातावर ठेवून बघितल्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हिला हे वेड कधी लागलं? हे घरीही विचारतात. माझ्याकडे पाच आहेत, त्यातली एक पर्समध्ये कायम असते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. मी कुर्ल्याहून शीवकडे कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगितलं नव्हतं ते हे: रस्त्यावरचे दिवे गेले होते आणि आम्हा दहा-बाराजणांच्या पुढे एक काका होते. डाव्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बॅटरी, उजव्या हातात छत्रीची दांडी. त्या गढूळ पाण्यात बॅटरीचा उजेड बोटभरही खाली जात नव्हता. गटाराचं झाकण उघडं आहे का ते कळत होतं छत्रीच्या दांडीने. मग बॅटरी कशाला? तर काका कुठे पाऊल टाकतात ते मागच्यांना दिसावं म्हणून. ते थांबले की पिशवीतला उजेड थांबायचा आणि आम्ही सगळे जिथल्या तिथे. शीवला पोचल्यावर ते कुठल्या गल्लीत वळले, कळलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात मी पहिली बॅटरी घेतली.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागला होता. सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली, आणि "मुंबईची वीज जात नाही" हे आयुष्यभर नातेवाइकांना ऐकवलेले बाबा फोनवर घरातलंच कुणीतरी गेल्यासारखे बोलत होते. आमच्या जिन्याला खिडकी नाही, भर दिवसा भुयार. मी नवव्या मजल्यावरून बॅटरी घेऊन चार फेऱ्या केल्या, त्यातली एक सातव्यावरच्या आजींचा हात धरून.

सगळं गुणगानच करते असं वाटायला नको. माझ्या मोठ्या बॅटरीचं बटण एकदा गाडीच्या गर्दीत पर्समध्ये दाबलं गेलं, तेही सगळ्यात मोठ्या उजेडावर. घाटकोपरला जळकट वास आला म्हणून उघडून बघते तर ओढणीला रुपयाएवढं भोक. चूक माझीच. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की जोडणी तुटते आणि बटण कितीही दाबलं तरी पेटत नाही. ते मला माहीत होतं आणि कंटाळा केला होता. तुमचीही बाहेर नेताना तशीच सैल करून न्या. पडून राहायची असली तरी सैलच ठेवा, नाहीतर बटणाच्या आतलं सर्किट थेंब थेंब वीज पीत राहतं.

सेल साधा पेन्सिल सेल आहे, एकच. माझ्या मोठीला लागतो तो लिथियमचा जाडा सेल तुम्हाला मुद्दाम दिला नाही. तो खाली वाण्याकडे मिळत नाही, आणि त्याला जपावं लागतं. खोक्यात चार्ज करायचे दोन सेल आणि चार्जर आहे. एक बॅटरीत, एक चार्जरमध्ये, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अदलाबदल. बाबा, सेलवर १.२ व्होल्ट बघून "हा उतरलेला आहे" म्हणू नका, त्या जातीचा तेवढाच असतो. घड्याळातला जुना सेल काढून हिच्यात घालायचा प्रयोगही नको. विसरलेला सेल आत फुटला की काय होतं ते तुमच्या तीन सेलवालीने दाखवलं आहे.

बुडाला लोहचुंबक आहे. आई, रात्री ती गोदरेजच्या कपाटाला तुझ्या उशाच्या बाजूने चिकटवून ठेव, म्हणजे शोधायला नको. सिलिंडर बदलताना रेग्युलेटर दिसत नाही म्हणतेस ना, तर आधी पेटव आणि कपाटालाच पण ओट्याच्या अंगाला लाव, दोन्ही हात मोकळे. फक्त शेजारच्या अण्णांना कौतुकाने दाखवाल तेव्हा ती त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात जाऊ देऊ नका. त्यांना पेसमेकर आहे, चुंबक छातीपाशी नको.

पुढच्या रविवारी येते. पिंप कुणाचं ते शोधून ठेवा, मी बोलेन. आणि आई, बाबांनी ती खरंच वापरली की दार मोजतच गेले ते तूच सांगू शकतेस. जागी तर असतेसच.

तुमची,
वैशू

ता. क. बाबा, माळ्यावरून तुमची तीन सेलवाली काढून ठेवा. आतला अडकलेला सेल सोडवायचा आहे. मी मागे लिंबू लावून बघितलं आणि काहीच झालं नाही. मग लक्षात आलं, ते जुने लाल सेल होते. त्यांचा चीक आंबट असतो, त्याला खायचा सोडा लागतो. लिंबू अल्कलाइनला. बल्ब अजून झाकणात आहे का तेही बघा, पण उघडू नका, मी आल्यावर उघडू.