टॉनिकने मेंदूत नव्या पेशी?

संपादक महाशय, स.न.वि.वि.

विश्रामबागेत सकाळी फिरणाऱ्या आम्हा मंडळींत सध्या ‘मेंदूत नव्या पेशी तयार करणाऱ्या’ टॉनिकची चर्चा आहे. मी जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, म्हणून सगळे मलाच विचारतात. प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मरणशक्तीशी निगडित भाग) मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी, असतात, हे खरं. पण त्या बहुतेक निद्रिस्तच असतात. त्यांनी विभागायचं की नाही, हे बरंचसं शेजारच्या रक्तवाहिन्या आणि चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींच्या संदेशांवर ठरतं. १९९९ मध्ये चाकावर धावणाऱ्या उंदरांत नवे न्यूरॉन (चेतापेशी) वाढलेले दिसले, तेही टॉनिकशिवाय! माणसाबाबत तर शास्त्रज्ञांतच वाद आहे: १९९८ मध्ये प्रौढांत नवे न्यूरॉन तयार होत असल्याचा पुरावा मिळाला, २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांत असे नवे न्यूरॉन सापडलेच नाहीत. अशा टॉनिकच्या जाहिराती छापण्याआधी वृत्तपत्रांनी पुरावा मागावा.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली