काळ्या मातीवरच्या घरकुलांना वेगळा पाया, वेगळे अनुदान हवे

संपादक महोदय,

सैबेरियातल्या कायम गोठलेल्या जमिनीवरचा, म्हणजे पर्माफ्रॉस्टवरचा, आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. त्यात वायू आणि तापमानवाढीबद्दल पुष्कळ होते, घरांबद्दल मात्र दोनच ओळी. मी दर्यापूर तालुक्यात गवंडीकाम करतो. माझा जीव त्या दोन ओळींतच अडकला.

याकुत्स्क हे सैबेरियातले तीन लाखांवर वस्तीचे शहर. तिथे १८२८ साली खणायला घेतलेली विहीर शंभर मीटरच्या खाली गेली, तरी माती गोठलेलीच. अशा जमिनीचा फक्त वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि थंडीत पुन्हा गोठतो. वर घर आले की घरातली ऊब खाली उतरते आणि आतला थरही सुटू लागतो. बर्फाचे पाणी झाले की भिंत बसलीच. म्हणून तिथे इमारती खोल रोवलेल्या खांबांवर उचलून बांधतात आणि खालून थंड वारा खेळता ठेवतात. गरम पाण्याचे पाइपही जमिनीवरून नेतात. आता हवाच तापल्यामुळे तेही पुरेना. मे २०२० मध्ये सैबेरियातल्याच नोरिल्स्क शहरात डिझेलच्या टाकीचे आधार खचले आणि वीस हजार टनांवर डिझेल नदीत व जमिनीत गेले.

आमच्या पूर्णा नदीकाठी उबेच्या जागी पाणी आहे, एवढाच फरक. खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागातली, काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरातल्या भेगेत पाय जातो. उघड्या वावरात ती सगळीकडे सारखी हलते, तिथे कोणाचे काही बिघडत नाही. घर बांधले की मधली माती झाकली जाऊन ओल धरते आणि कडेची सुकत राहते. त्यात एका कोपऱ्यात न्हाणी, तिचे पाणी तिथेच मुरते. दुसऱ्या कोपऱ्याला कडुनिंब, तो ओल ओढतो. एक बाजू उचलते, दुसरी बसते. दार अडकायला लागते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मग गावभर बोलणे सुरू, 'मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं!' खाणारेही असतात म्हणा, पण तिरपी भेग बहुतेक वेळा खालून आलेली असते.

यावरचे उपाय नवे नाहीत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, पद्धत केव्हाच काढली. ते पाइल साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण तिथे ओल वर्षभर फारशी बदलत नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी पायाखाली न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायची रीत दाखवली. आमच्याकडे तसा मुरूम लांबून आणावा लागतो, ट्रॅक्टरचे भाडेच परवडत नाही. खोल खणा म्हटले की मालक विचारतो, "खनतो ना मिस्त्री, पन पैसे कुठून आनू?"

त्याचे काय चुकले? प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. म्हणजे जमीन पाहून रक्कम बदलते, हे सरकारने मान्यच केले आहे. मग हातभर खणले की मुरूम लागणारे गाव आणि दोन पुरुष खोल खणूनही काळीच माती लागणारे गाव एका रांगेत का? खारपाणपट्ट्यातल्या घरकुलांना पायासाठी वेगळी रक्कम आणि वेगळा नकाशा मिळावा, ही माझी मागणी आहे. हप्त्यासाठी जोत्याचा फोटो काढतातच. त्याआधी पायाच्या खड्ड्यात उतरून काळी माती किती खोल आहे ते मोजावे आणि त्याच कागदावर लिहावे, म्हणजे पुढे सरकारकडे वेगळी रक्कम मागायला पुरावा होईल.

तोवर ज्यांची घरे उभी आहेत त्यांनी न्हाणीचे पाणी पाइपने लांब न्यावे आणि भिंतीलगत चारही बाजूंनी बाहेर उताराचा तीन-चार फुटी कोबा करून घ्यावा. हे काम पावसाळ्याआधी करावे आणि भेगा नंतर बुजवाव्यात.

– एक गवंडी मिस्त्री, ता. दर्यापूर, जि. अमरावती