डॉक्टरताई, तुमचा डबा आमच्याकडेच आहे

चिपळूण, २३ ऑगस्ट २०२१

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवील. पेठमापातलं घर, जिन्याखाली आडवा पडलेला फ्रीज आणि वरच्या खोलीत खाटेवर बसलेले म्हातारे गृहस्थ, एवढ्यावरून तुम्हाला आठवेल. मी त्यांची सून.

२२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आबा भिंतीवरची २००५ च्या पुराची खूण दाखवून म्हणत होते, "याच्या वर नाही जायचं गो." सकाळी ती खूणच दिसेनाशी झाली. आम्ही माणसं तेवढी वर पोचलो. आबांची फाईल, औषधांची पिशवी, फ्रीजमधलं इन्सुलिन, सगळं खालीच राहिलं. कपात ठेवलेली कवळीसुद्धा. पाणी ओसरलं तर गुडघाभर चिखल, वीज नाही, फोन लागत नाही. रोज दोन वेळा सुई घेणारा माणूस तीन दिवस तसाच बसून होता.

तुमच्या आधी आम्ही मदत मागितली नव्हती असं नाही. एका ठिकाणी जुना कागद मागितला. तो चिखलात गेला म्हटल्यावर, "मग आम्ही काय करणार?" म्हणत पुढच्या माणसाला हाक मारली. दुसरे बॅनर घेऊन दारात आले, आबांना धरून खाली आणायला लावलं, हातात गोड बिस्किटांचा पुडा दिला, फोटो काढला आणि गेले. यांना मधुमेह आहे हे मी दोनदा सांगितलं, कोणी ऐकलं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रविवारी तुम्ही आलात. तुमच्याबरोबरची मुलं गल्लीत लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या देत होती, चिखलातून फिरणाऱ्यांच्या पायांना कुठे कापलंय का ते वाकून बघत होती. वरती एक आजारी म्हातारा आहे असं कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही स्वतः जिना चढून आलात. शुगर तपासलीत. बर्फाच्या डब्यातून इन्सुलिन काढलंत आणि हातातच धरून विचारलंत, "काका, काल काय जेवलात?"

आबा म्हणाले, "जेवलो की." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला खोटं बोलवेना. चहा आणि वाटपात आलेला अर्धा वडापाव, बाकी काही चावतच नव्हतं. तेव्हा तुम्ही मला समजावलंत की पोट रिकामं ठेवून नेहमीएवढा डोस दिला तर साखर एकदम उतरेल, माणूस बेशुद्ध पडेल. अन्न समोर असल्याशिवाय सुई द्यायची नाही. आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढलात.

दोन पोळ्या आणि मुगाची उसळ. तुम्ही बेताचा डोस दिलात, मग जमिनीवर बसून पोळी उसळीत कुस्करलीत. कवळी नाही हे आम्ही सांगितलंही नव्हतं, तुम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहून ओळखलंत. खालून तुम्हाला तीनदा हाक आली. "यांचं जेवण होऊ दे, आलेच," एवढंच म्हणालात. आबा फार सावकाश जेवतात, ताई. तुम्ही शेवटच्या घासापर्यंत उठला नाहीत. तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते, आणि तो डबा तुमच्या जेवणाचा होता.

त्या आठवड्यात आम्ही पुष्कळ चांगली माणसं पाहिली. आसपासच्या गावांतून भाकऱ्यांची गाठोडी यायची. कुठली कुठली पोरं फावडी घेऊन आली, अनोळखी घरांतला चिखल उपसून गेली, पाणीसुद्धा स्वतःचं प्यायली. रोज संध्याकाळी दिवा लावताना मी त्या सगळ्यांसाठी हात जोडते. पण आबांना कोणी काही विचारलं की ते एकच सांगतात, "पोरीने पोळी कुस्करून दिली." माझी सासू गेल्यापासून त्यांच्यासाठी असं कोणी केलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आता करते.

आबा बरे आहेत. कवळी नवी केली. काल नारळीपौर्णिमेला त्यांनी नारळीभाताचा एकच घास घेतला आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई रागावतील."

गडबडीत तुमचा डबा इथेच राहिला. घासूनपुसून फळीवर ठेवलाय. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. १० सप्टेंबरला गणपती बसतोय, यंदा मखर नाही, पण मोदक होणार आहेत. जमलं तर या. नाहीतर पत्ता कळवा, आबा म्हणतात डबा ते स्वतः घेऊन येतील.

तुमची,
पेठमापातली सूनबाई